जुनी गोळी, नवी गोळी

सोमवारची ओपीडी. ताईंनी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एक गेल्या महिन्यात आमच्याच खिडकीवरून नेलेली, अर्धी भरलेली. दुसरी रिकामी, लेबल पुसट झालेलं. बहुधा घरात बटणं किंवा सुया ठेवायला वापरात असावी.

‘‘मॅडम, मला ही आधीची रात्रीची गोळी द्या. ही नवी नको.’’

‘‘का हो?’’

‘‘वजन बघा ना माझं. आणि आता शुगर पण निघाली. लोक म्हणतात, बाई सुटलीय.’’

केसपेपर उघडला. वजन पंचावन्न किलो. २०२१ मध्ये औषध बदललं तेव्हा चव्वेचाळीस होतं. तक्रार खोटी नव्हती. ताई आमच्या एआरटी केंद्रात २००९ पासून येतात. द्राक्षबागेत मजुरीला जातात. नवरा त्याआधीच गेला. एचआयव्हीवर सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या औषधांच्या चार वेगवेगळ्या जोड्या त्यांनी आजवर घेतल्या आहेत, म्हणजे ‘कोणती गोळी चांगली’ या प्रश्नाचा निम्मा इतिहास त्यांच्या एकटीच्या केसपेपरवर आहे.

हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. रुग्ण विचारतात, त्यांच्या मुली-मुलं विचारतात, कधी एखादे खासगी डॉक्टरही फोन करतात.

एचआयव्हीच्या उपचारात साधारणपणे तीन औषधं एकत्र देतात. विषाणू शरीरात प्रचंड वेगाने आपल्या नकला काढतो आणि त्या काढताना चुका करतो. यातली एखादी चूक त्याच्या फायद्याची ठरते आणि औषध त्याच्यावर चालेनासं होतं. एकच औषध दिलं तर अशी नक्कल लवकरच वरचढ होते. तीन औषधांना एकाच वेळी चुकवणं मात्र तिला जड जातं. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे पहिलं औषध आलं तेव्हा ते एकटंच दिलं जायचं. थोडे महिने गुण यायचा आणि मग उतरायचा. तीन औषधांचा उपचार १९९६ च्या सुमारास रुळला आणि मृत्यूचे आकडे खाली आले. पण ते श्रीमंत देशांत. वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि गरीब देशांतही हे शक्य आहे असं जग म्हणू लागलं. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून आठ सरकारी रुग्णालयांत ही औषधं मोफत मिळू लागली.

त्या वेळची जोडी होती स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन. ताईंना २००९ मध्ये हीच सुरू केली. त्यांचा सीडी४ तेव्हा ११२ होता. निरोगी माणसात तो पाचशेच्या वर असतो. सहा महिन्यांत जुलाब थांबले, भूक लागली, त्या पुन्हा कामावर गेल्या. स्वस्त, सोपं आणि लवकर गुण देणारं औषध होतं ते. पुढचं दुखणं वर्षा-दोन वर्षांनी सुरू व्हायचं. स्टॅव्हुडिनमुळे चेहऱ्यावरची, हातापायांवरची चरबी झडायची. गालफडं बसायची, दंडावरच्या शिरा दोरीसारख्या वर यायच्या. गावात लोक चेहऱ्यावरून आजार ओळखू लागले. औषध घेऊन बरा झालेला माणूस औषधामुळेच ओळखू येत होता. पायाच्या तळव्यांची आग व्हायची, मग बधिरपणा यायचा. चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही, असं ताई तेव्हा सांगायच्या.

ती औषधं वाईट होती, असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा आमच्यासमोर बाकावर बसलेल्या माणसाला स्टॅव्हुडिन नाही तर काहीच नाही, असा हिशेब होता. आम्ही ते दिलं, आणि त्यातली पुष्कळ माणसं आज जिवंत आहेत. तरी त्या बसलेल्या गालांची आठवण आली की बरं वाटत नाही, हेही खरं.

मग स्टॅव्हुडिन काढून झिडोव्हुडिन दिलं. हे रक्त कमी करतं. सगळ्यांचं नाही, पण आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन मुळातच नऊ-दहा असतं, तिथून खाली यायला जागाच किती? ताईंचं ६.८ वर आलं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. नखं काळी पडली होती, तीही याच औषधाने. सोबतचं नेव्हिरापिन त्यांना सोसलं. सगळ्यांना सोसत नसे. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, क्वचित कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर प्रतिक्रिया किंवा कावीळ. म्हणून ते पहिले चौदा दिवस अर्ध्या मात्रेत देत असू आणि रुग्णाला बजावत असू की अंगावर काही उठलं तर त्याच दिवशी या.

२०१३ मध्ये ताईंना तिसरी जोडी मिळाली : टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एफाव्हिरेन्झ. तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, रात्री झोपताना. आमच्या भाषेत टीएलई. रुग्णांच्या भाषेत ‘रात्रीची गोळी’. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या लपवून घेणाऱ्या माणसासाठी हा बदल किती मोठा होता, ते लिहून सांगता येणार नाही. पाहुण्यांच्या घरी, लग्नात, बसमध्ये गोळी काढायची वेळच उरली नाही.

एफाव्हिरेन्झचा त्रास डोक्याला होतो. विचित्र, रंगीत, खरी वाटणारी स्वप्नं. चक्कर, सकाळी नशा केल्यासारखी चाल. तेलकट जेवणावर घेतली तर आणखी जास्त, म्हणून रिकाम्या पोटी, अंथरुणावर पडतानाच घ्यायची. बहुतेकांचा त्रास महिन्याभरात ओसरतो. काहींचा ओसरत नाही. मन उदास राहतं, आणि आधीपासून नैराश्य असेल तर हे औषध धोक्याचं. शिवाय प्रत्येकाची रात्र झोपायची नसते. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा मोटार चालू करायला माणूस अंधारात विहिरीवर जातो. एक रुग्ण असाच गोळी घेऊन गेला आणि पाटाच्या कडेला पडला, हात मोडला. त्यानंतर ज्या आठवड्यात रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात तो गोळीच घेत नव्हता. आम्हाला हे पाच महिन्यांनी कळलं.

आणि इथेच जुन्या गोळीची खरी मेख आहे. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ या दोघांनाही चकवायला विषाणूला आपल्या रचनेत एकच बदल पुरतो. एफाव्हिरेन्झ रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, बाकीची दोन औषधं लवकर उतरतात. रुग्णाने गोळी मध्येच बंद केली की काही दिवस रक्तात जवळजवळ एकटं एफाव्हिरेन्झ असतं. म्हणजे तीन औषधांचा सगळा हिशेब मोडला. अशा चार-पाच खाड्यांनंतर गोळी पुन्हा रोज सुरू केली तरी तिला विषाणू जुमानेलच असं नाही. त्या शेतकऱ्याचं तेच झालं. त्याला दुसऱ्या फळीच्या औषधांवर न्यावं लागलं. त्यातल्या अ‍ॅटाझानाव्हिरने डोळे पिवळे होतात. ती यकृताची कावीळ नसते, पण गावाला ते कोण समजावणार?

२०२० नंतर आपल्या कार्यक्रमात एफाव्हिरेन्झच्या जागी डोलुटेग्राव्हिर आलं. ५० मिलिग्रॅम, तेही टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिनसोबत एकाच गोळीत. नाव टीएलडी. ताईंच्या टेबलावरची अर्धी भरलेली बाटली हीच. विषाणूची जनुकं आपल्या पेशीच्या जनुकांत शिरतात, तो सांधाच हे औषध होऊ देत नाही. रक्तातला विषाणू ते जुन्या गोळीपेक्षा लवकर खाली आणतं. स्वप्नं-चक्कर फार कमी. काहींची झोप उडते, त्यांनी गोळी सकाळी घ्यायची. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे याला चकवणं विषाणूला सोपं नाही, एका बदलाने तर सहसा नाहीच. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर ही जोडी सांभाळून घेते. हे मी रुग्णांना फार मोठ्याने सांगत नाही, कारण पुढचं वाक्य ऐकायच्या आत माणूस उठून जातो. पण डॉक्टर म्हणून मला विचाराल तर वीस वर्षांत हातात आलेलं हे सगळ्यात भरवशाचं औषध आहे.

याच्याबद्दल भीतीही पसरली होती. २०१८ मध्ये बोत्स्वानातून बातमी आली की गर्भ राहताना आई हे औषध घेत असेल तर बाळाच्या मेंदू-मणक्यात दोष असण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतंय. कित्येक देशांनी मूल होण्याच्या वयातल्या बायकांना जुन्या गोळीवरच ठेवलं. त्याच देशात पुढे हजारो बाळंतपणांची नोंद होत गेली आणि तो फरक पुसला गेला. आज गरोदर बाईलाही आम्ही हीच गोळी देतो. आईच्या रक्तातला विषाणू लवकर खाली आणणं हे बाळाच्या हिताचं असतं.

वजनाचं काय? वजन वाढतं, हे खरं आहे. जोहान्सबर्गमध्ये या औषधांची समोरासमोर तुलना झाली. त्यात डोलुटेग्राव्हिर घेणाऱ्यांचं वजन एफाव्हिरेन्झ घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं, बायकांचं अधिक. टेनोफोव्हिरचा नवा प्रकार, ज्याला अ‍ॅलाफेनामाइड म्हणतात, तो सोबत असेल तर आणखी जास्त. खासगीत हा नवा प्रकार ‘मूत्रपिंडाला सौम्य’ म्हणून लिहिला जातो. तो आहेही सौम्य, पण वजनाचा हिशेब कुणी सांगत नाही. यातला काही भाग असा की एफाव्हिरेन्झ आणि जुना टेनोफोव्हिर स्वतःच वजन थोडं दाबून ठेवतात. ते दाबणारं औषध काढलं की माणूस आपल्या मूळ वजनाकडे जातो. ताई चव्वेचाळीस किलोच्या होत्या तेव्हा त्या निरोगी होत्या असं मला म्हणवत नाही. पण अकरा किलो म्हणजे निव्वळ ‘मूळ वजन’ नव्हे, हेही कळतं. त्यांच्या आईला मधुमेह होता. पन्नाशी जवळ आली, पाळी गेली. गोळीचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हे एका माणसाबाबत सांगता येत नाही.

मी त्यांना विचारलं, ‘‘शुगरला काय घेता?’’

पिशवीतून पट्ट्या निघाल्या. गावातल्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन दिलं होतं, पाचशेच्या दोन-दोन, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाला दोन हजार मिलिग्रॅम. गुडघ्यासाठी कॅल्शियम.

‘‘मळमळतं का? पोट बिघडतं?’’

‘‘तेच तर. नवी गोळी सोसत नाही म्हणूनच म्हणते ना मी.’’

गोळी तर त्या तीनेक वर्षं घेत होत्या. पोट बिघडलं ते दोन महिन्यांपासून, मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून. डोलुटेग्राव्हिर मेटफॉर्मिनला शरीराबाहेर पडू देत नाही. रक्तातली त्याची पातळी बरीच वर जाते. म्हणून दोन्ही एकत्र असतील तर मेटफॉर्मिन दिवसाला हजारच्या वर द्यायचं नसतं. आणि कॅल्शियम? पहाटे सहाला, बागेत जाण्याआधी, उपाशी पोटी, दोन्ही गोळ्या एकाच घोटात. कॅल्शियम, लोह, झिंक हे डोलुटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. उपाशी पोटी घ्यायचं तर ही गोळी कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. जेवणासोबत घेतली तर दोन्ही एकत्र चालतात. गरोदर बायकांना आपण लोह-कॅल्शियमच्या गोळ्या हातात देतोच, त्यांच्यासाठी हे लक्षात ठेवण्यासारखं. अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही. तिथे दोन आणि सहा तासांचं अंतर पाळायलाच हवं.

सगळ्यात मोठी अडचण टीबीची. आपल्याकडे एचआयव्ही असलेल्या माणसाला टीबी होणं काही दुर्मिळ नाही. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की डोलुटेग्राव्हिर झपाट्याने नाहीसं होतं. अशा वेळी नेहमीच्या गोळीनंतर बारा तासांनी ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी द्यावी लागते, टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे. फिटच्या काही औषधांचाही असाच प्रकार आहे. जुन्या एफाव्हिरेन्झला रिफाम्पिसिनचं एवढं वावडं नव्हतं, ही त्याची एक जमेची बाजू सांगायलाच हवी.

आणखी एक छोटी गोष्ट, कारण तिने बरीच घबराट होते. नव्या गोळीवर गेल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनीन किंचित वाढतं. औषध ते लघवीतून बाहेर टाकण्याची एक वाट अडवतं, मूत्रपिंड बिघडलेलं नसतं. हे न कळल्याने लॅबचा रिपोर्ट हातात घेऊन, औषध बंद करून लोक आमच्याकडे येतात. खरी काळजी टेनोफोव्हिरची असते; त्याने काही जणांचं मूत्रपिंड खरोखर हळूहळू बिघडतं. वाढ थोडी आणि थांबलेली आहे की चढती आहे, हे पाहायला दोन-तीन रिपोर्ट लागतात. चढती असेल तर टेनोफोव्हिरऐवजी अबॅकाव्हिर देतो. पण स्वतःहून बंद करू नका. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही हिपॅटायटिस बी ही दाबून ठेवतात. ज्याला तोही संसर्ग आहे त्याने गोळी अचानक थांबवली तर यकृत उसळून उठतं, आणि त्याने जीवही जाऊ शकतो.

‘‘गावातल्या डॉक्टरांना आपली गोळी सांगितली होती का?’’

ताई बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘त्यांचा कंपाउंडर माझ्या दिराचा मुलगा आहे.’’

यावर मी काय बोलणार होते? २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला उपचार नाकारणं, कामावरून काढणं, त्याच्या संमतीशिवाय त्याचा आजार इतरांना सांगणं हे त्याने बेकायदा ठरवलं. कायदा मी त्यांना सांगू शकते. दिराच्या मुलाच्या तोंडाला तो कुलूप लावत नाही. याच भागात मोतीबिंदूची तारीख मिळालेल्या माझ्या एका रुग्णाने एका ठिकाणी आपला आजार प्रामाणिकपणे सांगितला आणि तारीख पुढे पुढे जात राहिली. त्याने पुढच्या ठिकाणी सांगितलं नाही, तर त्याला दोष कसा देऊ?

औषधांचा तक्ता मांडला तर नवी गोळी जवळजवळ प्रत्येक रकान्यात पुढे आहे. तिची कमजोरी दुसऱ्या औषधांसोबत आहे, आणि दुसरी औषधं लिहिणारे डॉक्टर दुसरे असतात. रुग्णाला तिथे तोंड उघडता येत नसेल तर सगळ्यात चांगलं औषधही पोटात अडकून राहतं.

‘इंजेक्शन का देत नाही?’ असं शिकलेले रुग्ण विचारतात. कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन ही दोन इंजेक्शनं दर दोन महिन्यांनी घ्यायची, रोजची गोळी नाही. अमेरिकेत त्यांना २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आमच्या केंद्रात ती मिळत नाहीत. मिळाली तरी रिफाम्पिसिनसोबत ती चालत नाहीत आणि हिपॅटायटिस बी वर त्यांचा उपयोग नाही. लपवायला बाटली नको, एवढ्यासाठी मात्र मला त्यांचं फार आकर्षण आहे. सहा महिन्यांनी एकदा घ्यायच्या लेनाकापाव्हिरचं नाव वर्तमानपत्रांत येतं, ते मुख्यतः संसर्ग होऊ नये म्हणून. उपचारात ते, बाकी बरीच औषधं निकामी ठरलेल्यांना, इतर औषधांच्या जोडीने देतात.

त्या दिवशी ताईंना जुनी गोळी दिली नाही. रक्त घेतलं. व्हायरल लोड ६४० आला. एक हजाराच्या वर गेला तर आम्ही औषध फसत असल्याची शंका घेतो. त्याच्या खाली होता, पण आधीची सगळी वर्षं तो सापडतच नव्हता. एवढा विषाणू जागा असताना, एका बदलात हार मानणाऱ्या गोळीकडे परत जाणं मला पटलं नाही. हे त्यांना तसंच सांगितलं. कॅल्शियम दुपारच्या जेवणावर टाकलं. मेटफॉर्मिन पाचशेची एक-एक केली. आणि शुगरचे पेपर आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या असंसर्गजन्य आजारांच्या ओपीडीत काढले; औषधाची तारीख एआरटीच्या तारखेलाच. गावात कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. तळमजल्यावरच्या डॉक्टरांना सांगू का, हे मात्र त्यांना विचारलं. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही सांगा. मला नाही जमायचं.’’

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला : विषाणू आढळला नाही. पोट ठीक होतं. उपाशीपोटीची शुगर १६८ वरून १२६ वर आली होती. वजन चोपन्न.

‘‘मग, जुनी गोळी हवी का?’’ मी विचारलं.

‘‘ती नको आता,’’ ताई म्हणाल्या. ‘‘पण मॅडम, वजन एवढंसंच उतरलं. त्याचं काय करायचं ते सांगा.’’